स्टॅफर्डशरचा नेपच्यून आणि त्याचा नसलेला त्रिशूळ

पाणवठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे सध्या इंग्लंडात स्टॅफर्डशरला असते. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात हा नेपच्यून, म्हणजे रोमन समुद्रदेवाची मातीची मूर्ती, मिळाला. पस्तीस पौंडांना, कारण तो 'मोडका' होता. तीन फोटो टाकते आहे : समोरून, मागून आणि तळाकडून. तळाचा फोटो नीट बघा, सगळ्यांत जास्त माहिती त्यातच आहे.

उंची साधारण 26 सेंटिमीटर. डोक्यावर टोकदार मुकुट, छातीपर्यंत दाढी, उघडं अंग, आणि कमरेवरून खांद्यामागे उडालेलं वस्त्र. वस्त्र बाहेरून फिकट हिरवं, आतून पिवळसर, त्यावर बारीक फुलांचे ठिपके. पायाशी खडक, खडकाला शिंपले चिकटलेले, आणि डाव्या पायाला लगटून एक डॉल्फिन. खाली चौकोनी बैठक, तिच्या कडेने तांबडी रेघ. उजवा हात उचललेला, मूठ आवळलेली आणि मुठीत आरपार भोक. त्या भोकात त्रिशूळ असायचा, तो गेला आहे.

माझ्या अंदाजाने मूर्ती 1790 ते 1810 च्या दरम्यानची. त्या काळात बर्स्लेम, हॅन्ले, लेन एंड (आजचं लाँगटन) या गावांतून अशा मूर्ती हजारोंनी निघाल्या. ही आणि शेजारची गावं मिळून 1910 साली स्टोक-ऑन-ट्रेंट झालं. राल्फ वूड, त्याचा मुलगा राल्फ धाकटा, पुतण्या एनॉक वूड, हॅन्लेचा जेम्स नील ही यातली ठळक नावं. पण बहुतेक मूर्तींवर कुणाचाच शिक्का नसतो. माझ्याही नाही.

बाजारात जो तो आधी विचारतो, "मेकर कोण?" नाव सांगता आलं नाही की समोरच्याचा उत्साह मावळतो. मला हे पटत नाही. ही मूर्ती कुणी घडवली ते माहीत नसलं तरी कशी घडवली हे तिच्या अंगावर स्पष्ट दिसतं. बैठकीच्या आत टॉर्च मारला तर मातीत दाबलेल्या अंगठ्याचे ठसे दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी साच्यात माती दाबली, तो अंगठा. मला तो शिक्क्याहून मोलाचा वाटतो.

तुम्हा सगळ्यांकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक, मातीकाम जाणणाऱ्यांनी फोटो बघून जे दिसतं ते सांगावं. दोन, त्रिशूळ नवा करून बसवावा का? इथला एक दुरुस्ती करणारा पितळेचा करून द्यायला तयार आहे. माझं मन अजून होत नाही.

सांजवारा

सुंदर! पण पायाशी डॉल्फिन कुठे आहे? मला तर खवले असलेला, जाड ओठांचा, शेपटी वर वळवलेला कुठला तरी राक्षसी मासा दिसतो आहे. देवळाच्या मकरतोरणावर असतो तसला. डॉल्फिन दापोलीला होडीतून पाहिले आहेत, ते असे नसतात.

पाणवठा

सांजवारा, तोच डॉल्फिन. युरोपच्या शिल्पकलेत डॉल्फिन असाच दाखवतात, फुगीर कपाळ, खवले, उलटे वळलेले ओठ आणि पिळदार शेपूट. प्राचीन रोमन कामातून ही घडण पुढे आली, प्रबोधनकाळात कारंज्यांवर चढली आणि तिथून मातीच्या मूर्तींपर्यंत पोचली. बर्स्लेमच्या कारागिरापासून समुद्र दूर होता. त्याने खरा डॉल्फिन पाहिला असण्याची शक्यता कमी आणि साच्यातला डॉल्फिन मात्र रोजचा. व्हीनसच्या पायाशीही हाच असतो, कारण ती समुद्राच्या फेसातून जन्मली. नेपच्यून आणि व्हीनस जोडीनेही विकायचे, शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना एकेक.

खवल्यांकडे जवळून बघा. प्रत्येक खवल्याच्या खाचेत निळसर झाक साचली आहे. गेरू, तुम्ही यावर लिहाच.

गेरू

लिहितो. पुण्यात माझा छोटा स्टुडिओ आहे, चाकावरची भांडी आणि थोडं साच्याचं काम करतो. फोटोंवरून सांगतो आहे, हातात घेऊन पाहता आलं असतं तर बरं झालं असतं.

ती निळसर झाक म्हणजे या मूर्तीचा जन्मदाखलाच. या मातीकामाला आज पर्लवेअर म्हणतात. त्याआधी स्टॅफर्डशरमध्ये क्रीमवेअर जोरात होतं, त्याचा रंग सायीसारखा पिवळट. गिऱ्हाइकांना मात्र चिनी पोर्सलेनसारखा पांढरा हवा होता. मग मातीत पांढऱ्या चायना क्लेचं प्रमाण वाढवलं आणि झिलईत अगदी चिमूटभर कोबाल्ट घातला. निळ्या छटेने पिवळेपणा मारला जातो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. सपाट जागी झिलईचा थर पातळ, तिथे निळं कळत नाही. खाचेत थर जाड, तिथे ते उमटतं. क्रीमवेअरच्या खाचेत हीच झाक पिवळट-हिरवट दिसते. जोसाया वेजवूडने 'पर्ल व्हाइट' 1779 मध्ये बाजारात आणलं, पण इतर कुंभार त्याच्या थोडं आधीपासून असं काम करत होते.

आता माती. स्टॅफर्डशरमध्ये कोळसा मुबलक, पण तिथली स्थानिक माती भाजल्यावर तांबडी होते. पांढरी माती डेव्हन आणि डॉर्सेटहून यायची, चायना क्ले कॉर्नवॉलहून. कॉर्नवॉलच्या मातीवर आधी पेटंटचा अडसर होता. 1775 च्या कायद्याने तो सैल झाला आणि अपारदर्शक मातीकामात ती वापरायची सगळ्यांना मुभा मिळाली. पर्लवेअर नेमकं त्याच सुमारास का वाढलं याचं एक कारण हे. तिसरा घटक गारगोटी, म्हणजे फ्लिंट. ती आधी भाजायची, मग दळायची. कोरडी दळली की पूड फुप्फुसात जाऊन माणसं मरत. थॉमस बेन्सनने 1726 मध्ये पाण्यात दळायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते यासाठीच. तरीही धुळीचा आजार पुढे दीडशे-दोनशे वर्षं कुंभारांच्या मागे लागला होता, त्याला तिथे 'पॉटर्स रॉट' म्हणत. माझ्या स्टुडिओत मी वाळलेली माती कधीच झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. नवीन शिकायला येणाऱ्यांना आधी हेच सांगतो.

हा सगळा माल समुद्राने मर्सी नदीपर्यंत आणि तिथून पुढे घोड्या-खेचरांवरून यायचा. 1777 मध्ये ट्रेंट-मर्सी कालवा पुरा झाला आणि चित्र पालटलं. कच्चा माल स्वस्त झाला, आणि खाचखळग्यांच्या रस्त्यात फुटणारा तयार माल शाबूत पोचू लागला.

तुमचा नेपच्यून तीनदा भट्टीत गेला आहे. पहिली भाजणी नुसत्या मातीची, अकराशे अंशांच्या आसपास किंवा थोडी वर. दुसरी झिलई लावून, त्याहून कमी तापमानाला. तिसरी रंगांची, सातशे-आठशे अंशांत, झाकलेल्या छोट्या भट्टीत. वस्त्रावरचा हिरवा आणि बैठकीची तांबडी रेघ झिलईच्या वर आहेत. बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागेल. तिरप्या उजेडात धरा, कुठे रंगाचे कपचे उडाले असतील तर तिथे खालची झिलई चमकताना दिसेल.

आणखी एक, झिलई शिशाची होती. ती भांडी झिलईत बुडवणाऱ्यांचे हात दिवसभर शिसं कालवलेल्या पाण्यात असत. हातपाय लुळे पडणं, पोटात कळा येणं हे त्यांच्या वाट्याला आलं. ही चमक कशाच्या मोलाने आली ते कळलेलं बरं म्हणून लिहिलं.

सांजवारा

गेरू, वाचनखूण साठवली. शिशाचं माहीत नव्हतं.

शाडू

तळाचा फोटो बघितला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आमचं घर पेणचं, तीन पिढ्या गणपतीचं काम. हा नेपच्यून आमच्या कारखान्यातल्या मूर्तीसारखाच झाला आहे!

फोटो क्रमांक दोन, मूर्तीची डावी बाजू. काखेपासून मांडीपर्यंत एक पुसट उभी रेघ आहे. तो जोड. पुढचा आणि मागचा अशा दोन अर्ध्या साच्यांत मातीची पोळी दाबायची, कडांना पातळ माती लावायची, दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवून आवळायचे. प्लास्टर पाणी शोषतं, माती आकसते आणि आपोआप सुटते. मग रेघ ओल्या स्पंजने मारायची. घाईत मारलेली रेघ भाजल्यावर पुन्हा वर येते, तीच इथे दिसते आहे. आम्ही शाडू भाजत नाही, पण वाळतानाही हेच होतं.

उचललेला हात या साच्यात येऊच शकत नाही, तो अडकेल. तो वेगळा काढून खांद्याला चिकटवला आहे. काखेत बघा, जोडावर वस्त्राची एक घडी मुद्दाम आणून टाकली आहे. आम्हीही गणपतीच्या वरच्या हाताचा जोड बाजूबंदाखाली लपवतो. शिंपले वेगळे, डॉल्फिन बहुतेक वेगळा, मुकुटाची टोकं हाताने कापलेली. म्हणजे साचा एकच असला तरी दोन नेपच्यून हुबेहूब निघत नाहीत. हात थोडा वर-खाली होतो, डोकं जरा कलतं.

आणि डोळे! आमच्याकडे आखणी करणारा वेगळा असतो, ते काम कुणालाही देत नाहीत. या नेपच्यूनची डावी भुवई एका फटक्यात काढली आहे, उजवी दोन तुकड्यांत. ज्याने काढली त्याचा हात सराईत आहे, पण त्याच्यासमोर अजून बऱ्याच मूर्ती रांगेत उभ्या होत्या असं वाटतं. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या आखणीवाल्यांचं असंच होतं.

पाणवठा

शाडू, भुवयांचा फरक माझ्या नजरेतून सुटला होता. आता मूर्तीकडे पाहिलं की आधी तेच दिसतं. मनापासून आभार.

साच्याला माती दाबणारा वेगळा, तुकडे जोडणारा वेगळा, रंगवणारे वेगळे अशी विभागणी इथेही होती. रंगकामात बायका आणि मुलं बरीच असत. साचा घेऊन वाळवणीच्या तापलेल्या खोलीत पळत जायचं आणि रिकामा साचा घेऊन परत यायचं, हे काम लहान मुलांचं, सात-आठ वर्षांच्यासुद्धा. सॅम्युअल स्क्रिव्हन नावाच्या अधिकाऱ्याने 1841 च्या सुमारास सरकारी चौकशीसाठी या मुलांचे जबाब घेतले, ते उपलब्ध आहेत. वाचवत नाहीत.

आडवाट

चर्चा छान चालली आहे, पण एक शंका मांडतो. ग्रीक शिल्प, त्याची रोमन प्रत, तिच्यावरून प्लास्टरचा ठसा, आणि त्यावरून ही मातीची बाहुली. नकलेच्या नकलेची नक्कल. शिवाय साच्यातून हजारोंनी काढलेली. कारागिरांबद्दल सहानुभूती आहेच, पण कला म्हणून याला इतकं महत्त्व द्यायचं का? वेजवूडचं काम निदान अभ्यासपूर्ण तरी होतं.

पाणवठा

आडवाट, शंका रास्त आहे, जरा सविस्तर लिहिते.

वेजवूडपासूनच सुरू करू. नेपल्समध्ये ब्रिटिश राजदूत असलेल्या विल्यम हॅमिल्टनने प्राचीन कलशांचा मोठा संग्रह केला, 1772 मध्ये तो ब्रिटिश म्युझियमने घेतला. त्यातल्या चित्रांचे छापील खंड त्याआधीच निघू लागले होते आणि वेजवूडच्या हाती पडले होते. 13 जून 1769 रोजी त्याने एट्रुरिया (हे नाव प्राचीन इटलीतल्या एका प्रदेशाचं) हा नवा कारखाना सुरू केला, तेव्हा स्वतः चाकावर बसून सहा काळे कलश घडवले. भागीदार बेंटली चाक फिरवत होता. त्या कलशांवर हर्क्युलीस आणि हेस्परिडीसच्या बागेचं जे चित्र आहे ते हॅमिल्टनच्या कलशावरूनच घेतलेलं. म्हणजे वेजवूडही प्रतच काढत होता, आणि ते त्याने लपवलं नाही. कलशावर लॅटिनमध्ये लिहिलंच आहे, 'एट्रुरियाच्या कला पुन्हा जन्म घेत आहेत'. पुढे लंडनमधल्या जॉन चीअरसारख्या कारखानदारांकडून तो प्लास्टरचे ठसे विकतही घ्यायचा.

त्या काळी श्रीमंतांची मुलं वर्ष-दोन वर्षं इटलीत फिरून यायची आणि येताना संगमरवर आणायची. दुकानदार, शाळामास्तर, बोटीवरचा कप्तान यांना ते जमणारं नव्हतं. त्यांच्या घरी नेपच्यून आला तो बर्स्लेमहून, चेहरा गोबरा, गाल गुलाबी, वस्त्रावर फुलं. रोमच्या नेपच्यूनच्या अंगावर फुलांची खडी कधी नव्हती. ती बर्स्लेमच्या रंगवणाऱ्यांनी घातली आणि ती मला मनापासून आवडते. संगमरवरातला रागीट समुद्रदेव इथे घरातल्या आजोबांसारखा झाला. यात कारागिरांचं स्वतःचं काहीतरी आहे, ते प्रतीत मावत नाही.

प्रत काढताना काय काय होतं याचं आणखी एक उदाहरण. एनॉक वूडच्या नावाने ओळखली जाणारी पहुडलेल्या क्लिओपात्राची मोठी मूर्ती आहे, जोडीला अँटनी. तिची बसण्याची ढब व्हॅटिकनमधल्या झोपलेल्या ॲरिॲड्नीची, म्हणजे ग्रीक पुराणकथेतल्या राजकन्येच्या शिल्पाची. त्या संगमरवरी बाईच्या दंडावर सापाच्या आकाराचं वळं आहे, आणि क्लिओपात्रा सर्पदंशाने मेली अशी कथा, म्हणून शेकडो वर्षं लोक तिला क्लिओपात्राच समजत होते. विद्वानांनी पुढे नाव बदललं. मातीतली मात्र क्लिओपात्राच राहिली, दंडाला साप चावत असलेली. रोममधली जुनी समजूत स्टॅफर्डशरच्या मातीत अशी टिकून आहे.

आडवाट

क्लिओपात्राचं उदाहरण पटलं. साच्याबद्दल शाडूंनी लिहिलेलं वाचूनही विचार बदलतो आहे. 'नक्कल' हा शब्द मागे घेतो.

रंकाळा

समुद्रदेवाचा विषय निघाला आणि कोल्हापूर आलं नाही असं कसं होईल! पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात उत्खनन झालं, तिथे पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा नेपच्यून. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी जो व्यापार चालायचा त्यातून ती आली. सोबत रोमन बनावटीची इतर कांस्यपात्रंही होती. मूर्ती आमच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. उघड्या अंगाचा, दाढीवाला, घोटीव शरीराचा. आकाराने एवढीशी, पण समोर उभं राहिलं की नजर हटत नाही.

आणि धाग्याच्या विषयाशी थेट संबंध असा की त्याच्याही हातात आज त्रिशूळ नाही. कुठेतरी गळून गेला. कुणीही नवा करून बसवलेला नाही आणि बसवावा असं कुणाला वाटलेलं नाही. पाणवठाताई, माझं मत त्यावरून समजा.

पाणवठा

रंकाळा, हे माहीत नव्हतं! पुढच्या सुट्टीत कोल्हापूर नक्की.

नाणेघाट

त्रिशुळाबद्दल एक पुरवणी. ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनची मानवरूपातली देवता, आधी नाण्यांवर भाला घेऊन बसायची. 1797 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनने तांब्याची मोठी जाड पेनी पाडली, तिच्यावर भाल्याच्या जागी पहिल्यांदा त्रिशूळ आला. मागे समुद्राच्या लाटा, दूर एक जहाज. फ्रान्सशी समुद्रावर लढाया चालू होत्या आणि नेपच्यूनचं हत्यार आता आमच्या हाती आहे असं त्या नाण्यातून सांगायचं होतं. तुमची मूर्ती 1790 ते 1810 मधली असेल तर ती ज्या घरात गेली तिथल्या माणसांच्या खिशात ही पेनी असणार. नेपच्यून इतका का खपला, याचं उत्तर काही अंशी इथे आहे.

याच बोल्टनने कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठीही तांब्याची नाणी पाडून पाठवली, 1791 पासून. एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये 'अदल' (न्याय) हा शब्द. मुंबईच्या बाजारात ती चालली. एकाच टांकसाळीतून घरच्यांना त्रिशूळ गेला आणि इथल्यांना तराजू.

अडगळ

जुन्या वस्तूंचा थोडा व्यवहार करतो, म्हणून खऱ्याखोट्याबद्दल लिहितो. असे धागे वाचून लोक ऑनलाइन खरेदीला लागतात.

या मूर्तींच्या प्रती पुढेही निघत राहिल्या. बर्स्लेमच्या केंट घराण्याचा कारखाना जुन्या पद्धतीच्या मूर्ती 1962 पर्यंत काढत होता. त्यात फसवायचा हेतू होता असं नाही, पण आज विकणारे त्या खुशाल 'जॉर्जियन', म्हणजे व्हिक्टोरियाच्या आधीच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या, म्हणून विकतात. पॅरिसच्या सॅम्सन कारखान्यानेही जुन्या कामांच्या प्रती काढल्या.

आधी आतून बघा. दाबून केलेल्या मूर्तीत आतली जाडी कमी-जास्त असते, अंगठ्याचे ठसे, मातीचे थर दिसतात. पाणवठा यांच्या फोटोत आहेत तसे. पातळ माती ओतून केलेली मूर्ती आतून गुळगुळीत असते, बाहेरच्या वळणाबरहुकूम आत खड्डे पडलेले, आणि खाली मोठं गोल भोक. अशी असेल तर बहुतेक वेळा ती नंतरची. झिलईच्या तड्यांवर फार विश्वास ठेवू नका. चहाच्या पाण्यात उकळून तपकिरी तडे तासाभरात आणता येतात. सगळीकडे सारखे, गडद तडे दिसले की मी हात आखडता घेतो. झीज कुठे आहे ते बघा. बैठकीच्या खालच्या कडेला, नाकाच्या शेंड्याला, जिथे खरोखर हात किंवा फळी लागते तिथे हवी. आणि सोनं फार चकचकीत, आरशासारखं असेल तर ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचं तंत्र.

पाठही बघा. या मूर्तीची पाठ पूर्ण घडवून रंगवली आहे, खांद्यामागचं वस्त्र, पाठीचा पन्हाळा, सगळं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, 1840 नंतर, शेकोटीवर ठेवायच्या मूर्तींची पाठ सपाट आणि कोरी ठेवू लागले. काम झटपट, किंमत कमी. नेपच्यूनची पाठ त्याचं वय सांगते.

कारखाना ओळखायचा असेल तर एक गोष्ट उपयोगी पडेल. एनॉक वूडला इमारतींच्या पायात आपल्या काळचं मातीकाम पुरून ठेवायची सवय होती. बर्स्लेमच्या सेंट पॉल चर्चच्या पायात त्याने 1828 मध्ये ठेवलेला साठा 1974 मध्ये चर्च पाडताना निघाला. अशा साठ्यांतून आणि जुन्या कारखान्यांच्या कचऱ्यात सापडलेल्या खापरांशी ताडून पाहत बिनशिक्क्याच्या वस्तूंची ओळख हळूहळू पटते आहे. हॅन्लेला पॉटरीज म्युझियम आहे, तुम्हाला तर जवळच. बैठकीचा आकार, शिंपल्यांची मांडणी, रेघेचा रंग हे तिथल्या नगांशी ताडून पाहा.

दुवा

वस्तुसंग्रहालयांसाठी जतनाचं काम करते. त्रिशुळाबद्दल माझं मत.

पितळेचा त्रिशूळ बसवायला माझा विरोध आहे, आणि कारण धातूचं वजन. मुठीची माती तिथे जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाड असेल. पितळ जड, शिवाय उन्हाळ्या-हिवाळ्यात प्रसरण पावणार, आकसणार. भोकात घट्ट बसवून वर डिंक ओतला तर पुढेमागे बोटं फुटतील. त्रिशूळ येईल आणि हात जाईल. बाजारातले दुरुस्ती करणारे एपॉक्सी वापरतात. ते पिवळं पडतं आणि सोडवताना मूळ वस्तूचा कपचा घेऊन निघतं.

आमच्याकडे एक नियम पाळतो, आपण केलेलं काम उद्या कुणालाही विनात्रास काढता आलं पाहिजे. म्हणून पॅरालॉइड बी-72 सारखा चिकटवणारा पदार्थ वापरतो, तो ॲसिटोनने विरघळतो. अगदीच हवा असेल तर हलक्या लाकडाचा त्रिशूळ करा, मुठीत सैल बसेल असा, काहीही न चिकटवता. पाहुण्यांना दाखवायचा तेव्हा लावा, एरवी काढून ठेवा.

अजून एक. मूर्तीवर आधी दुरुस्ती झाली आहे का ते तपासा. अंधारात अतिनील दिवा धरला की नंतर फवारलेला रंग मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो. फोटोत उजव्या मनगटापाशी रंग जरा मऊसर, पिठूळ वाटतो आहे. मनगट कधीतरी मोडून जोडलं असावं.

शाडू

दुवाताई, तुमचं शास्त्र मान्य. पण देवाची मूर्ती घडवणाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे रिकामी मूठ बघवत नाही. ज्याने हा हात केला त्याने त्रिशूळ धरायलाच केला. मनगटाचा बाक बघा, वजन पेलायच्या बेताने वळवला आहे. लाकडाचा, न चिकटवलेला, हा मार्ग मला पटतो.

रंकाळा

माझं मत तेच. हात रिकामा असू दे.

पाणवठा

आज दिवा मिळाला, रात्री तपासलं. दुवा यांचा अंदाज बरोबर निघाला. मनगटाभोवती बोटभर रुंदीचा पट्टा वेगळा चमकतो. म्हणजे हात एकदा मोडला होता, कुणीतरी जोडून वर रंग मारला. बहुधा त्रिशूळ त्याच वेळी गेला. पितळेचा विचार आता पूर्ण सोडला. अशा मनगटावर वजन टाकायचं नाही.

लाकडाचा करायचा की हात तसाच ठेवायचा, हे ठरवण्याआधी हॅन्लेच्या संग्रहालयातले नग बघून येते. अडगळ यांनी सांगितल्याप्रमाणे बैठकीची मापं आणि शिंपल्यांचा क्रम लिहून नेणार आहे. वेजवूडच्या पहिल्या दिवशीच्या सहा कलशांपैकी एक लिलावात विकला जाऊन देशाबाहेर चालला होता, त्याची निर्यात थांबवून तोही याच संग्रहालयाने घेतला, त्यामुळे तोही बघायला मिळेल. आडवाट, त्याचे फोटो खास तुमच्यासाठी टाकेन.

फोर्टकर

धागा आत्ता पाहिला. इतके दिवस हुतात्मा चौकातून जाताना फ्लोरा फाउंटनकडे कधी असं पाहिलं नव्हतं. तीही रोमन देवताच, 1864 ची, जेम्स फोर्सिथची घडण, पोर्टलंडहून आलेला दगड. अडगळ, स्टॅफर्डशरमध्ये फ्लोराही करायचे का? आमच्या घरी पणजोबांच्या वेळची हातात फुलं घेतलेली एक मातीची बाई आहे, तळ पांढरा, खाचांत निळसर झाक! पावडर-साबण लावून धुवावी म्हणतो, बरीच काजळी बसली आहे.

अडगळ

फ्लोरा भरपूर करायचे. वसंत ऋतूची देवी म्हणून चार ऋतूंच्या संचातही असते. तळाचा, आतल्या बाजूचा आणि पाठीचा फोटो टाका, मग बोलू.

दुवा

फोर्टकर, थांबा! धुऊ नका, पाण्यात तर मुळीच बुडवू नका. झिलईला तडे असतील तर पाणी आतल्या सच्छिद्र मातीत शिरतं, क्षार वर येतात आणि झिलई कपच्यांनी सुटते. जुना जोड असेल तर तोही सुटेल. झिलईवरचा रंग साबणाच्या घासण्याने जातो. आधी मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, ब्रश नवा घ्या आणि त्याच्या धातूच्या पट्टीला कागदी टेप गुंडाळा, म्हणजे ओरखडा पडणार नाही. मग कापसाच्या बोळ्याला जरासं पाणी लावून, पिळून, तळाजवळच्या न दिसणाऱ्या जागी टेकवून बघा. बोळ्यावर रंग आला तर तिथेच थांबा आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रंग आला नाही तर एकेका बोटाएवढ्या भागावर काम करा, आणि प्रत्येक वेळी बोळा बदला.